झाडाचा पत्ता

नोव्हेंबर २०२१ मध्ये, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या केप ब्रेटन बेटावर, पदव्युत्तर प्रबंधाचा आराखडा घेऊन मी मीगमाव या तेथल्या मूळ रहिवाशांच्या एका वस्तीच्या कार्यालयात गेले, तेव्हा पुढचे काम मला सरळसोट वाटत होते. ब्लॅक अ‍ॅश नावाचा दुर्मीळ होत चाललेला वृक्ष शोधायचा, जीपीएसवर त्याची ठिकाणे नोंदवायची, माती-पाण्याचे नमुने घ्यायचे आणि हा वृक्ष आणखी कोठे रुजू शकेल याचा नकाशा तयार करायचा, एवढाच माझा बेत होता आणि त्यासाठी मी दोन उन्हाळे धरले होते. प्रत्यक्षात पहिले सात महिने मी एकाही झाडाची नोंद केली नाही, पुढे उन्हाळ्याचा ऐन भाग माझ्याच चुकीमुळे वाया गेला, आणि जो नकाशा काढायला मी गेले होते तो अखेर प्रबंधात छापला गेला तेव्हा त्यावर एकाही झाडाचा ठिपका नव्हता.

आधी नावाविषयी थोडे सांगते, कारण पहिला अडखळा तेथेच होता. इंग्रजीत या लोकांचे नाव लिहिताना नोव्हा स्कोशियात, म्हणजे केप ब्रेटन ज्या प्रांतात येते तेथे, मधले अक्षर 'क' असते, तर पश्चिमेला लिस्टुगुजच्या बाजूला त्याच जागी 'ग' लिहितात. उच्चार साधारण 'मीगमाख' असा होतो, त्यातला शेवटचा ख घशातून खरवडत येतो, आणि एकाच माणसाविषयी बोलायचे असेल तर शब्द 'मीगमाव' असा बदलतो. दीर्घ स्वर दाखवण्यासाठी त्यांना रोमन अक्षरानंतर वर एक स्वल्पविरामासारखी खूण द्यावी लागते. आपल्याकडे ते काम एका वेलांटीत भागते हे मी कागदावर लिहून दाखवले, तेव्हा कार्यालयातल्या मुलीने तो कागद मागून घेतला आणि आपल्या टेबलासमोर भिंतीला चिकटवला. माझ्या आराखड्यापेक्षा त्या दिवशी त्या कागदाचेच कौतुक अधिक झाले.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची. माझे वडील वनरक्षक होते, त्यामुळे वणवा, नाका, जप्ती हे शब्द मला शाळेत जाण्याआधीपासून माहीत होते. बांबूची मोळी डोक्यावर घेऊन निघालेल्या बायका बीटमध्ये सापडल्या, की ती मोळी आमच्या क्वार्टरसमोरच्या अंगणात येऊन पडायची आणि मी तिच्यावर बसून अभ्यास करायचे. जंगल राखणे म्हणजे माणसाला जंगलाबाहेर ठेवणे, ही समजूत मला कोणी मुद्दाम दिली नव्हती. ती घरातल्या हवेतच होती. पुढे वनशास्त्राची पदवी घेताना मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्याचे वाचले, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले, पण ते गाव आमच्याच जिल्ह्यात असूनही मी तेथे कधी गेले नव्हते.

पहिल्या भेटीसाठी मला तंबाखू घेऊन यायला सांगितले होते. आमच्या भागात तंबाखू म्हटले की खर्राच डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. लाल कापडाच्या तुकड्यात बांधलेली ती लहानशी पुरचुंडी ज्येष्ठ व्यक्तीपुढे ठेवायची; तिने ती उचलली तर तुमचे म्हणणे ऐकून घ्यायला ती तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ. समोर बसलेल्या बाईंना सगळे 'गिजू' म्हणत होते, म्हणजे आजी, आणि नंतर मीही तेच म्हणू लागले. वय सत्तरीच्या पुढे, बोटे जाड आणि आखूड, उजव्या अंगठ्याच्या बाजूला जुन्या व्रणांची रेघ. त्यांनी पुरचुंडी उचलली, पण प्रबंधाविषयी काही विचारले नाही. मी कोठली, आईवडील काय करतात, घरी अजून कोण आहे, असे प्रश्न आले. आपल्याकडे खेड्यातली म्हातारी 'कोणाची गं तू?' म्हणून विचारते, अगदी तसे. वडील जंगलाचे रक्षण करतात असे मी इंग्रजीत सांगितले.

"कोणापासून?" त्यांनी विचारले.

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते, आणि माझ्याकडे जे उत्तर होते ते त्या खोलीत उच्चारण्यासारखे नव्हते.

परवानगीची वाट आता सविस्तर सांगायला हवी, कारण हे अनुभवकथन मुख्यतः तिचेच आहे. सरकारी मालकीच्या जमिनीवर नमुने घेण्याचा परवाना मला तीन आठवड्यांत मिळाला. माझ्या विद्यापीठाच्या दृष्टीने त्यापुढे काही उरले नव्हते, कारण झाडाकडून कोणी संमतीपत्र घेत नाही. परंतु ही भूमी, जिला ते मीगमागी म्हणतात, सात पारंपरिक विभागांची आहे, आणि केप ब्रेटन म्हणजे त्यातला उनमागी हा विभाग. ब्रिटिश राजसत्तेशी मीगमाव लोकांनी १७२५ पासून १७७९ पर्यंत जे करार केले ते शांततेचे आणि मैत्रीचे होते. त्यांत जमीन देऊन टाकल्याचा शब्द नाही. त्यामुळे या जंगलात काम करण्याचा परवाना सरकारकडून मिळाला तरी आमंत्रण मिळालेले नसते, हे मला कार्यालयातल्या एका तरुणाने समजावले. हा तरुण गिजूंचा भाचा. नंतर दलदलीत माझ्या पुढे तोच चालत होता.

दुसरा टप्पा होता मीगमाव एथिक्स वॉचचा. मीगमाव राष्ट्राची सान्ते मावियोमी नावाची महापरिषद आहे. तिने नेमलेली ही समिती मीगमाव लोकांविषयी किंवा त्यांच्या ज्ञानाविषयी होणाऱ्या संशोधनाचे प्रस्ताव तपासते, आणि त्या ज्ञानाचे राखणदारही तेच लोक आणि त्याचा अर्थ सांगणारेही तेच, हे तिच्या तत्त्वांतले पहिले तत्त्व आहे. मी अर्ज भरायला बसले आणि पहिल्याच पानावर अडले. या कामाचा समुदायाला काय उपयोग, या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर होते, 'संवर्धनास मदत होईल.' भाच्याने ते वाचून विचारले, की संवर्धन झाल्यावर झाड तोडता येईल का. मी म्हटले, अर्थातच नाही. तो म्हणाला, "मग मावशी टोपली कशाची विणणार?"

येथे त्या झाडाविषयी सांगायला हवे. मीगमाव भाषेत त्याचे नाव विसखॉख. टोपल्या, बर्फात चालण्याचे चौकटी जोडे, कुऱ्हाडीचे दांडे, ईल माशाचे सापळे या सगळ्यांसाठी ते पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. विसाव्या शतकात अनेक कुटुंबांचे घर दारोदार टोपल्या विकून चालले, आणि बटाट्याच्या हंगामात अमेरिकेच्या मेन राज्यात काढणीसाठी लागणारी मजबूत टोपलीही याच लाकडाची असायची. दलदलीच्या काठाला, पाय बुडेल अशा जमिनीत ते वाढते. नोव्हा स्कोशियाने २०१३ मध्ये त्याला संकटग्रस्त म्हणून सूचीबद्ध केले, कारण बी धरण्याइतकी मोठी झाडे जवळजवळ उरलीच नाहीत. त्यात २०१८ मध्ये हॅलिफॅक्सजवळच्या बेडफर्डमध्ये एमराल्ड अ‍ॅश बोरर सापडला. हा आशियातून आलेला हिरवा चमकदार भुंगेरा, ज्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडून झाडाचा रसप्रवाह तोडतात, २००२ मध्ये डेट्रॉईटच्या परिसरात प्रथम ओळखला गेला आणि तेव्हापासून त्याने उत्तर अमेरिकेत कोट्यवधी अ‍ॅश मारले आहेत. सरपणाच्या लाकडातून तो शेकडो किलोमीटर प्रवास करतो. म्हणजे घाई मलाच होती असे नाही. घाईला कारण होते.

आणि तरीही हिवाळाभर माझे काम म्हणजे दर पंधरा दिवसांनी जाऊन चहा पिणे एवढेच राहिले. 'नेदुगुलिम्क' हा शब्द मी त्याच महिन्यांत ऐकला. माझ्या आराखड्यात तो होता, पण 'शाश्वत वापर' असे त्याचे दोन शब्दांत भाषांतर करून मी पुढे गेले होते. गिजूंनी मला व्याख्या दिली नाही. त्यांनी मूसची गोष्ट सांगितली. केप ब्रेटन हायलँड्स राष्ट्रीय उद्यानात १९७० च्या दशकात एका किडीने फर वृक्षांचे जंगल मारले, मोकळ्या जागेत कोवळे बर्च आणि फर उगवले, आणि ते खाऊन मूस हरणांची संख्या इतकी वाढली, की नवे जंगल गुडघ्याच्या वर येईना. तेव्हा २०१५ पासून काही वर्षे उद्यान प्रशासन आणि मीगमाव संस्थांनी मिळून नॉर्थ माउंटनवर मर्यादित शिकार केली, मांस समुदायांत वाटले गेले, आणि शिकारीच्या विरोधात निदर्शनेही झाली. गिजूंच्या मते त्यात वाद घालण्यासारखे काही नव्हते. पुरेसे घ्यायचे, वाटून घ्यायचे, मागे उरेल असे घ्यायचे, आणि कधीकधी न घेणे हीसुद्धा हेळसांड असते. हा शेवटचा भाग मला पचायला वेळ लागला. माझ्या शिक्षणात न घेणे हे नेहमीच पुण्य होते.

माझ्या आराखड्याच्या पहिल्या पानावर 'एदुआप्तमुम्क' हा शब्दही होता, म्हणजे दोन डोळ्यांनी पाहणे. एस्कासोनी या मीगमाव वस्तीतले ज्येष्ठ अल्बर्ट मार्शल यांनी २००४ मध्ये मांडलेली ही कल्पना आता कॅनडातल्या अनेक पर्यावरणविषयक प्रस्तावांत असते: एका डोळ्याने मूळ रहिवाशांच्या ज्ञानाची बलस्थाने पाहायची, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाची, आणि दोन्ही डोळे सर्वांच्या भल्यासाठी एकत्र वापरायचे. मी तो शब्द इतरांनी वापरला म्हणून वापरला होता. मार्चमध्ये मी तो पहिल्या पानावरून काढून टाकला, अर्ज पुन्हा लिहिला आणि 'उपयोग' या रकान्यात लिहिले, की टोपलीयोग्य लाकूड पुढच्या पिढीलाही मिळावे यासाठी बी, रोपे आणि नोंदी समुदायाच्या ताब्यात राहतील. एप्रिलमध्ये समितीची मान्यता आली. त्यानंतर वस्तीतल्या ज्येष्ठांची आणखी एक बैठक झाली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गमबूट चढवले.

दलदलीतले पहिले दिवस मानहानीचे होते. मी ज्याला ब्लॅक अ‍ॅश म्हणून फीत बांधली ते व्हाइट अ‍ॅश निघाले, आणि तेही एकदा नव्हे, तीनदा. गिजू गुडघेदुखीमुळे रस्त्याच्या कडेला गाडीतच बसायच्या आणि आम्ही फांदी आणून त्यांना दाखवायचो. पानाच्या मधल्या शिरेवर पर्णिका बघ, त्या म्हणत. व्हाइट अ‍ॅशच्या पर्णिकांना बारीक देठ असतो, हिच्या पर्णिका शिरेलाच चिकटून बसतात. शेंड्याची कळी जवळजवळ काळी, आणि तिच्यात व खालच्या कळ्यांच्या जोडीत थोडे अंतर. साल बुचासारखी मऊ, अंगठ्याने घासली की तिचा भुगा निघतो. हे सगळे माझ्या मार्गदर्शिकेतही लिहिलेले होते. पण काळ्या माश्या कानामागे चावत असताना, एका पायातला बूट चिखलात अडकलेला असताना अंगठ्याने साल घासून पाहण्याची सवय पुस्तकाने लागत नाही. जूनअखेर मला ओळख पटू लागली. सापडलेली बहुतेक झाडे मनगटाहून बारीक होती. टोपलीसाठी सरळ, निर्गाठ आणि जाड खोड लागते. तसे खोड दिसले की भाचा काही न बोलता थांबायचा, खोडावर तळहात ठेवायचा आणि मग मला मोजपट्टी काढायला सांगायचा.

जुलैत मी चूक केली. निसर्गाच्या नोंदी ठेवण्याचे एक लोकप्रिय अ‍ॅप माझ्या फोनवर गेली कित्येक वर्षे आहे. वडशाच्या बोडीवरचे पक्षी मी त्यावरच नोंदवले होते. एका सरळ, देखण्या झाडाचा फोटो मी सवयीने त्यावर टाकला, आणि त्याच्याबरोबर झाडाचे अक्षांश-रेखांश सगळ्या जगाला दिसू लागले. मला त्यात वावगे वाटलेच नाही; उलट दुर्मीळ वृक्षाची नोंद केल्याबद्दल अनोळखी लोकांनी केलेल्या कौतुकाने मी सुखावले होते. अकरा दिवसांनी भाच्याने मला तो फोटो त्याच्या फोनवर दाखवला. तो रागावला नाही, आणि त्यामुळे मला अधिक लाज वाटली. टोपलीयोग्य लाकडाला किंमत येते, रोपे खणून नेणारे लोक असतात, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे ते झाड गिजूंच्या वडिलांनी दाखवलेले होते. त्याचा पत्ता त्यांनी भाच्याला दिला होता आणि भाच्याने मला. तो पुढे द्यायचा अधिकार माझ्याकडे आलेला नव्हता.

मी नोंद काढून टाकली, अ‍ॅपच्या चालकांना लिहून जुन्या प्रतीही पुसून घेतल्या, आणि ज्येष्ठांच्या बैठकीत जाऊन काय घडले ते सांगितले. कॅनडातल्या मूळ रहिवाशांनी १९९८ मध्ये माहितीविषयी चार तत्त्वे मांडली आहेत: मालकी, नियंत्रण, पोच आणि ताबा. मी ती पाठ म्हणून दाखवू शकले असते, कारण त्यांवरचा ऑनलाइन वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र माझ्याकडे होते. बैठकीत कोणी त्यांचा उल्लेख केला नाही. एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलले आणि त्याचे इंग्रजी मला कोणी करून दिले नाही. शेवटी ठरले, की माझे क्षेत्रकाम थांबवायचे; पुन्हा कधी सुरू करायचे ते समुदाय कळवील.

ऑगस्टभर मी केप ब्रेटनवरच्याच सिडनी शहरात भाड्याच्या खोलीत बसून राहिले. याच काळात विद्यापीठातूनही तगादा सुरू झाला: ज्या नियतकालिकात आम्ही निबंध पाठवणार होतो त्याच्या नियमानुसार मूळ माहिती, म्हणजे प्रत्येक झाडाचा बिंदू, सर्वांसाठी खुला ठेवणे आवश्यक होते, आणि तसे केले नाही तर विज्ञान पडताळता येणार नाही, असे मला दोनदा लेखी सांगण्यात आले. त्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी आजही मानते. पण त्या पत्रांत झाडाच्या मालकाविषयी एक वाक्यही नव्हते, जणू ते झाड मला रस्त्यात सापडले होते.

२४ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे फियोना वादळ आले. कॅनडाच्या किनाऱ्यावर तोवर नोंदला गेलेला सर्वांत कमी वायुदाब त्या दिवशी नोंदला गेला. सिडनीत रस्तोरस्ती झाडे आडवी झाली, वीज कित्येक दिवस नव्हती, आणि आमच्या घराचे अर्धे छप्पर शेजारच्या अंगणात जाऊन पडले. पाचव्या दिवशी भाच्याचा फोन आला. त्याने संशोधनाचे नाव घेतले नाही. वाटा मोकळ्या करायला माणसे कमी पडत आहेत, हातमोजे घेऊन ये, एवढेच तो म्हणाला.

दहा-बारा दिवस आम्ही फांद्या ओढल्या. त्यातच कळले, की मी फोटो काढलेले झाड मुळासकट उपटले गेले आहे. ते आडवे पडले होते, मुळांच्या गड्ड्याने मातीची भिंत उभी राहिली होती आणि खाली झालेल्या खड्ड्यात काळे पाणी साचले होते. फांद्यांना बियांचे घोस लोंबत होते, एका पंखाचे चपटे बी, वल्ह्याच्या आकाराचे. मादी झाड होते ते. आमच्या नोंदीत ते कळले नव्हते, कारण जुलैत हिरवे बी वरच्या शेंड्यात लपलेले होते. गिजूंना त्या दिवशी गाडीतून उतरवून दोघांनी धरून आणले. त्यांनी खोडावर तंबाखू ठेवला, काहीतरी पुटपुटल्या, आणि मग एकदम व्यवहारी आवाजात सांगितले, की बी आज काढा, खोड उद्या कापा आणि ओले ठेवा.

खोड कुटण्याचे काम मी ऑक्टोबरमध्ये पाहिले, आणि हा भाग मी कितीही लिहिला तरी कमीच पडेल. साधारण सहा फुटांचा ओंडका साल काढून दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवतात. मग कुऱ्हाडीच्या बोथट पाठीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही बोटभर जागा न सोडता, घाव घालत जायचे. या झाडाच्या प्रत्येक वर्षाच्या वलयात वसंतात वाढलेला थर भोकाभोकांचा आणि ठिसूळ असतो, उन्हाळ्यातला घट्ट. घावाने ठिसूळ थर चुरतो आणि घट्ट थर सुटा होतो. पहिली पंधरा मिनिटे काहीच होत नाही. मग टोकाशी लाकडाची कड किंचित उचलली जाते, भाच्याने तिच्याखाली बोट घातले आणि ओढले, आणि ओल्या कापडासारखा आवाज करत सहा फुटांची पट्टी सलग निघाली. ती पट्टी म्हणजे झाडाचे एक वर्ष होते. जाड, लवचीक पट्टी म्हणजे चांगल्या वाढीचे वर्ष. खालची तिच्यापेक्षा निम्म्याने पातळ निघाली. आमच्याकडचा बुरूड बांबू उभा चिरून पट्ट्या काढतो, त्याला चाकू लागतो, आणि मी तेच डोक्यात ठेवून गेले होते. येथे पाते नव्हतेच, झाड स्वतःच पानापानाने उलगडत होते. मी वीस मिनिटे कुऱ्हाड चालवली आणि दुसऱ्या दिवशी मला पेन धरता आले नाही. गिजू खुर्चीवर बसून पट्ट्या गुडघ्यावर घेऊन सुरीने खरवडत होत्या, आणि त्या अंगठ्यावरच्या व्रणांचा उलगडा मला तेव्हा झाला.

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा स्वतःविषयी सांगितले. त्यांचे आईवडील एका लहान किनारी वस्तीत राहत; १९४० च्या दशकात सरकारने मीगमाव कुटुंबांना एस्कासोनी आणि शुबेनाकडी या दोन मोठ्या वस्त्यांत हलवण्याचे धोरण आणले, आणि घर, बाग, अ‍ॅशची दलदल मागे राहिली. त्यांच्या मोठ्या भावाला शुबेनाकडीच्या निवासी शाळेत पाठवले गेले, जी १९३० ते १९६७ पर्यंत चालली. तो परतला तेव्हा आजीशी बोलण्यापुरती भाषाही त्याच्याकडे नव्हती. वडिलांनी मग झाडांची ठिकाणे मुलाऐवजी मुलीला दाखवली. हे सांगताना त्यांचा हात थांबला नाही. मी वही काढली नव्हती. येथे एवढे लिहिण्याची परवानगी मात्र मी नंतर विचारून घेतली आहे.

कामाला पुन्हा सुरुवात कधी झाली, याचे पत्र मला कधीच आले नाही. नोव्हेंबरमध्ये भाच्याने एक वही माझ्यापुढे ठेवली आणि बियांची मोजणी तू लिहीत जा, म्हणाला. मग लेखी करार झाला: झाडांच्या नोंदी समुदायाच्या संगणकावर राहतील, मी त्या तेथे बसून वापरीन, बाहेर फक्त निष्कर्ष जातील, आणि प्रबंधाचा मसुदा विद्यापीठाआधी वस्तीच्या सभागृहात वाचला जाईल. विद्यापीठाला हे पटवायला मला जेवढी पत्रे लिहावी लागली तेवढी प्रबंधाची प्रकरणेही झाली नाहीत. अखेरीस नकाशाची जागा एका तक्त्याने घेतली: पाण्याची पातळी, मातीची आम्लता, सावली, शेजारची झाडे, आणि त्यांचे रोपांच्या वाढीशी नाते. जो नकाशा छापला तो सबंध उनमागीचा आहे, त्यावर नद्या आणि ब्रा द'ऑर सरोवर आहे. निबंध दुसऱ्या नियतकालिकाने स्वीकारला. पडताळणी करू इच्छिणाऱ्याने समुदायाकडे अर्ज करावा, अशी ओळ त्यात आहे, आणि माझ्या मते ती पडताळणीची वाट बंद करत नाही. दार कोणाचे आहे ते सांगते.

शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात फ्रेडरिक्टनला राष्ट्रीय वृक्षबीज केंद्र आहे, जेथे भुंगेऱ्याच्या भीतीने देशभरातले अ‍ॅशचे बी गोठवून ठेवतात. आमचेही थोडे बी तेथे ठेवावे का, यावर दोन बैठका झाल्या. मी 'लगेच पाठवा' या मताची होते. बी कोणाचे राहील आणि परत मागितले तर कसे मिळेल, हे कागदावर आल्याशिवाय ते हलवायचे नाही असे ठरले, आणि उरलेले बी वाळू भरलेल्या ट्रेमध्ये पेरून, उंदरांसाठी वर जाळी ठोकून, कार्यालयाच्या मागे उत्तरेच्या सावलीत ठेवले गेले.

ब्लॅक अ‍ॅशचे बी झाडावरून पडते तेव्हा आतला गर्भ पुरता वाढलेला नसतो. त्याला आधी उबेचा काळ लागतो आणि मग थंडीचा, म्हणून ते पहिल्या वसंतात क्वचितच उगवते. २०२३ च्या मेमध्ये आम्ही जाळी उचलली तेव्हा ट्रेमध्ये शेवाळाखेरीज काही नव्हते. मी बी चिरून पाहण्याचा प्रस्ताव ठेवला, आणि कोणी त्याला उत्तर दिले नाही. त्या वर्षी मी प्रबंध सभागृहात वाचला. मागच्या रांगेत मुले पत्ते खेळत होती, आणि गिजूंनी एकाच ठिकाणी मला थांबवून 'दलदल' या शब्दाला मीगमाव भाषेतला अधिक नेमका शब्द लिहायला लावला.

२०२४ च्या जूनमध्ये, मी नोकरीसाठी हॅलिफॅक्सला निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा गेले. पहिल्या दोन ट्रेमध्ये काही नव्हते. तिसऱ्यात वाळूतून बारीक, लांबट बीजपत्रांच्या जोड्या वर आल्या होत्या, एका कोपऱ्यात दाटीने आणि बाकी जागी एकेकट्या. भाच्याने वही उघडली, मी मोजायला लागले, आणि सदतीसवर असताना माझा आकडा चुकला. गिजू खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या. रिकामे ट्रे ओतून टाकायचे का, असे मी विचारले. त्यांनी मान हलवली, त्यांतला एक स्वतःच्या हाताने पुन्हा भिंतीच्या सावलीत सरकवला, त्यावर जाळी ठेवली आणि भाच्याला म्हणाल्या, की वहीत या दोन ट्रेंपुढे शून्य लिहू नकोस, जागा मोकळी ठेव.